पुन्हा पहिल्या घडीपासून

बालाजी उडी मारून खाली उतरला की मला फोन करायचा. "उतरलो रे शेठ," एवढंच म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. त्या रविवारी फोन आला तोही त्याच्याच नंबरवरून. मी मोबाईलवर नाव बघितलं आणि नेहमीसारखा ओरडलो, "उतरलास का रे माकडा?" पलीकडून एका अनोळखी पोराचा आवाज आला. "काका, सर... सर कड्याला आदळले."

लोह्यात नांदेड-लातूर रस्त्याला लागून माझं मंगल कार्यालय आहे. त्या दिवशी तिथे लग्न होतं आणि दुपारची पंगत बसली होती. पोरानं उरलेलं सांगितलं, मी ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला, जिलेबीचं ताट उचललं आणि वाढायला लागलो. माणूस अशा वेळी काय करतो ते मला ठाऊक नव्हतं, मी हे केलं. वऱ्हाडी नको नको म्हणत होते आणि मी वाढतच होतो. शेवटी एक म्हातारा पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून म्हणाला, "मालक, जीव घेता का आता?" तेव्हा कुठं माझा हात थांबला.

बालाजी निलंग्याकडचा, लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. आम्ही नांदेडला होस्टेलवर एका खोलीत राहायचो. आमच्या भागात उंच म्हणजे काय, तर पाण्याची टाकी आणि साखर कारखान्याचं धुराडं. पण ह्याला लहानपणापासून उभ्या भिंतीचं वेड. शेतातल्या विहिरीच्या दगडांच्या फटीत बोटं घालून हा पालीसारखा वर यायचा. एकदा मलाही त्यानं दोर बांधून तसं चढायला लावलं होतं. मी अर्ध्यात अडकलो आणि मला ट्रॅक्टरनं ओढून काढलं, ते बघायला गावातल्या बायका धुणं टाकून आल्या होत्या. पुढे तो हिमालयात जाऊन गिर्यारोहण शिकला, परदेशात जाऊन पॅराशूटची उडी शिकला, आणि मग दोन्ही एकत्र करायला लागला. सह्याद्रीतला एखादा हजारभर फुटी कडा खालून दोराच्या आधारानं चढायचा, रात्री कड्यालाच कापडी झोळी टांगून त्यात झोपायचं, पाठीवर पॅराशूट वागवत माथा गाठायचा आणि तिथून खाली झेप घ्यायची. त्याचे वडील म्हणायचे, "वर जायचं तर जा, खाली यायचं तर ये. मधी जीव कामून टांगतूस?" त्यावर हा हसून म्हणायचा, "आबा, ल्हानपणी विहिरीत उडी मारून वर चढायचो, आता चढून उडी मारतो. एवढाच फरक हाय."

एकदा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. माझं काम एकच, कड्याच्या पायथ्याशी उभं राहून वॉकीटॉकीवर वारा सांगायचा. वैशाखाचं ऊन, अंगाची काहिली, आणि दुपारी एकदम झुळझुळ सुरू झाली. मी लोह्याचा माणूस, मला काय सुचणार? बटण दाबून आनंदानं सांगितलं, "बाल्या, मस्त वारा सुटलाय!" मग तो म्हणाला, "किती मस्त?" मी म्हणालो, "टोपी उडाली बघ." दोन दिवस कडा चढून गेलेला माणूस निमूटपणे मागच्या पायवाटेनं चालत उतरला. पायथ्याशी आल्यावर माझी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "शेठ, तुला वेधशाळेत घ्यायला पाहिजे." लोकांना तो आततायी वाटायचा. आता तर तसं छापूनही आलं. मी त्याला उडी मारताना जितक्यांदा बघितलं, त्याहून जास्त वेळा उडी न मारता चालत येताना बघितलंय. म्हणून तर काही केल्या मन मानत नाही.

पॅराशूटची घडी तो माझ्या हॉलमध्ये घालायचा. लातूरच्या फ्लॅटमध्ये तेवढी लांब फरशी कुठून आणायची? विमानातून उडी मारणाऱ्याकडे दुसरं पॅराशूट असतं. कड्यावरून उडी मारणाऱ्याकडे एकच, दुसरं उघडायला वेळच नसतो. त्यामुळे लग्नाची तिथी नसेल असा दिवस बघून तो यायचा, हॉल स्वतः झाडायचा, आणि लाल कापड पसरून गुडघ्यांवर बसायचा. दोन्ही बाजू सारख्या, दोऱ्या सरळ, घडीवर घडी. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. एकदा मी पाहुण्याला उकडतंय म्हणून हॉलचे सगळे पंखे लावले आणि कापड नवरीच्या शालूसारखं फुगून स्टेजवर जाऊन बसलं. तो चिडला नाही. सगळं उलगडून पुन्हा पहिल्या घडीपासून सुरू केलं. त्याचा नियमच होता, मध्ये खंड पडला तर अर्धवट घडीवर पुढची घडी घालायची नाही.

शेवटच्या उडीत पॅराशूट उघडलं, पण उघडताना कड्याकडे तोंड करून उघडलं. वळवायला वेळच मिळाला नाही. असं का होतं, हे त्यानंच मला पूर्वी सांगितलं होतं. वाऱ्यानं होतं, उडी मारताना अंग तिरपं झालं तर होतं, घडीत एक बाजू कमीजास्त असली तर होतं. आणि काहीच चुकलं नाही तरी होतं.

तेरावं झाल्यावर मीरावहिनी, म्हणजे त्याची बायको, लोह्याला आली. आधी कळवलं नाही, एसटीनं एकटीच आली. चहा नको म्हणाली. रिकाम्या हॉलच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "भावजी, शेवटची घडी इथंच घातली ना?"

"हाव."

"त्या दिवशी मी फोन केला होता. आठ दिवसांनी नळाला पाणी आलेलं आणि मोटर लागत नव्हती. मी त्यांना धारेवर धरलं. घरात लक्ष नाही, अमकं नाही, तमकं नाही... तेव्हा ते घडी घालत होते का?"

मी सुरू केलं, "वहिनी, त्याचं असं झालं, सकाळी बाल्या आला तेव्हा..."

"गोष्ट नको भावजी. बघितलं तेवढं सांगा."

बघितलं ते असं. घडी अर्धी झाली होती. फोन वाजला. तो अंगणात जाऊन बराच वेळ कुठलं बटण दाबायचं ते समजावत होता. तेवढ्यात आचारी आला म्हणून मी मागं भटारखान्यात गेलो. परत आलो तेव्हा घडी पूर्ण होऊन पाठीवरच्या पिशवीत बसली होती. मधलं मी बघितलं नाही.

"नियम होता त्याचा," मी म्हणालो. "पुन्हा पहिल्यापासून घातली असणार."

"असणार?"

डोळ्यांसमोर चित्र तर आहे... मी हातात चहा घेऊन दारात, आणि हा गुडघ्यांवर, समोर लाल कापड पूर्ण उलगडलेलं. पण ते त्या दिवशीचं की आधीच्या कुठल्या दिवशीचं? जन्मभर मी दोन गोष्टींची एक करून लोकांना हसवत आलो. ट्रॅक्टरचा किस्साही खरं सांगायचं तर बैलजोडीचा आहे. आता मलाच माझ्या डोक्यातलं वेगळं काढता येईना. नुसतं 'हो, बघितलं' म्हटलं असतं तर वहिनी निश्चिंत होऊन एसटीत बसली असती. इतक्या थापा मारलेल्या जिभेला ती एक जड झाली, का ते मला अजून कळलेलं नाही.

"न्हाई वहिनी. बघितलं न्हाई."

तिनं मान हलवली. फरशीकडे बघत म्हणाली, "मोटर लागली होती. टाकी गच्च भरली. ते गेल्याचा फोन आला तेव्हाही टाकीत तेच पाणी होतं." मग पदरानं चेहरा पुसला आणि विचारलं, "निलंग्याची गाडी कितीला?"

तेव्हापासून वहिनी कुणालाही फोन केला की आधी विचारते, "हातात काही काम आहे का?" बहिणीला, दूधवाल्याला, आबांना, सगळ्यांना. समोरचा 'थोडं आहे' म्हणाला की लगेच, "मग राहू द्या, राहू द्या," आणि फोन बंद. परत करत नाही. तिच्या बहिणीनं मला हे सांगितलं तेव्हा हसू आणायचा प्रयत्न केला, तिला जमलं नाही आणि मलाही नाही.

परवा माझा फोन वाजला. मी शिडीवर होतो, संध्याकाळच्या लग्नाचं तोरण बांधत. एका हातात दोरी, तोंडात सुतळी, खाली पोरं ओरडत होती, "मालक, सोडू नका, धरून ठेवा!"

"भावजी, हातात काही काम आहे का?"

सुतळी थुंकली, दोरी सोडून दिली. सगळं तोरण पोरांच्या अंगावर आलं.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो, "मोकळाच बसलोय. बोला."