उजव्या बाजूला बसायचं होतं

माझी धाकटी जाऊ आमच्या घरात होती तोवर तिच्या कानांबद्दल सगळ्यात जास्त मीच बोलले. आणि जिथं पूर्ण बोलायला हवं होतं, तिथं निम्मं बोलून गप्प बसले. मी मुळात कमी बोलणारी बाई. माझ्या गप्प बसण्याचं माहेरी-सासरी कौतुकच झालं. त्यामुळं त्या गप्प बसण्याचा हिशेब मला कुणी विचारला नाही.

काटेवाडीला आमचा ऊस, थोडं भाजीचं माळवं आणि गाईंचा गोठा. गोठा लग्नापासून माझ्याच गळ्यात. पहाटे शेण, धारा, वैरण, डेअरीला दूध, दुपारी परत तेच. धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा मी मनातल्या मनात गोठा निम्मा वाटून टाकला होता. नवी जाऊ पळसदेवची. उजनीच्या पाण्याकाठी तिच्या वडिलांचा ऊस. ती कामाला वाईट नव्हती. हसरी होती. पहिलं वर्षभर आमचं बरं चाललं होतं.

मग एकदा भाकरी थापताना ती म्हणाली, "आक्का, डाव्या कानात मोटर चालू हाय बघा. लांब कुठंतरी हिरीवर चालल्यागत."

"मळ साचला आसंल."

सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, लसूण टाकून तेल कोमट केलं आणि तिच्या कानात सोडलं. मोटर काही थांबली नाही. नंतर ती मधूनच भिंत धरायची. गाल बधिर झालाय म्हणायची. गरम पाण्यानं अंघोळ करून आली की अर्धा तास पडून राहायची, पायात जीवच राहत नाही म्हणायची. आत्या म्हणाल्या, दिवस गेले असतील. ते नव्हतं. तेव्हापासून आत्यांनी तिच्या दुखण्यातलं लक्ष काढून घेतलं.

कानाचं मात्र चमत्कारिकच होतं. गोठ्यातलं वैरण कापायचं यंत्र, कडबाकुट्टी, चालू असली की तिला काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. घरात चार बायका बोलत असल्या की ती हिच्या तोंडाकडं, तिच्या तोंडाकडं बघत राहायची आणि सगळ्या हसल्या की उशिरा हसायची. पण स्टीलचं ताट खाली पडलं की दोन्ही कान दाबून खालीच बसायची. "डोस्क्यात खिळा मारल्यागत हुतंय," म्हणायची.

"बोललेलं ऐकू येत न्हाय आन् ताट ऐकू येतंय," आत्या म्हणायच्या. "झ्याक कान हायेत बाई. निवडून घेत्यात."

आम्ही हसायचो. मीही हसायचे.

मी तिची परीक्षाही घेतली. संध्याकाळी गोठ्यात कुट्टी बंद होती, गाई रवंथ करत होत्या, बाकी आवाज काही नव्हता. ती पाठमोरी दावं सोडत होती. मी मागनं, अगदी कुजबुजल्यासारखं म्हणाले, "चहा झालाय."

"आले आक्का," ती वळून म्हणाली.

त्या रात्री जेवताना मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. दीर ताटावरनं उठून गेले. तिला कळलंच नाही काय झालं ते. त्यांनी पाणी मागितलं नाही तरी ती तांब्या घेऊन त्यांच्या मागं गेली.

शेवटी दिरांनीच सांगितलं, बारामतीला कानाच्या डॉक्टरला दाखवा. कारखान्याचा हंगाम चालू, त्यांना सवड नव्हती, म्हणून मी गेले. तिथं तिला काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. तिनं सगळी बटणं बरोबर दाबली. मग डॉक्टरांपुढं बसलो. बाहेर पोरं रडत होती, डोक्यावर पंखा खडखडत होता, शेजारच्या खोलीत नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती. डॉक्टर आधी तिच्याशी बोलले. तिनं दोनदा "आं?" केलं, तेव्हा ते माझ्याकडं वळले. बराच वेळ बोलले. म्हणाले, कान चांगले आहेत. पडदा चांगला आहे. पण आवाज ऐकू येणं वेगळं आणि गर्दीत बोलणं समजणं वेगळं. हिला चक्कर येते, गाल बधिर होतो, दमते, हे सगळं एकत्र धरलं तर दुखणं कानात नसून पुढं मेंदूकडं जाणाऱ्या शिरेत असू शकतं. पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. वेळ घालवू नका.

मी मान डोलावली. एसटी स्टँडवर तिनं विचारलं, "काय म्हणालं वो डॉक्टर?"

"कान चांगलं हायेत म्हणालं."

"आन् मग?"

"मग काय? चांगलं हायेत."

पुढचं का सांगितलं नाही? मी याचं उत्तर स्वतःला नाना तऱ्हांनी दिलंय. मेंदूचं नाव ऐकून घाबरेल, हे एक. घरात रान पेटेल, हे दुसरं. खरं उत्तर एवढंच आहे की त्या दिवशी सकाळी पाच वाजता उठून तिच्या वाटणीच्या धारा मी काढल्या होत्या, परत जाऊनही मीच काढणार होते, आणि पुण्याला नेलं तर पुढं किती दिवस काढाव्या लागतील हे मी स्टँडवर बसून मोजत होते. ती आजारी ठरली तर गोठा पुन्हा सगळा माझा. ती नाटकी ठरली तर निदान रागवायला तरी कुणीतरी होतं.

घरी सगळ्यांना तेवढंच सांगितलं. कान चांगले आहेत.

आणि मग गाय मेली. दिरांनी मक्यावर आळीचं औषध मारलं होतं. मी गोठ्याच्या फाटकातून तिला ओरडून सांगितलं, मका काढू नको, आज लसूणघास टाक. कुट्टी चालू होती. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. समजलं नाही तरी मान हलवायची तिला तोवर सवय लागली होती, नाहीतर आम्ही वैतागायचो. तिनं मकाच आणला. दुपारपर्यंत गाभण गाय तोंडाला फेस येऊन आडवी झाली. जनावरांचे डॉक्टर आले, पण गाय उठली नाही.

"मला ऐकूच न्हाय आलं वो," ती रडत म्हणाली.

"मान कुणी हलवली मग?" मी म्हणाले.

बैठक बसवायचं ठरलं. आमच्याकडं घरातलं घरात मिटलं नाही की भावकीतली चार मोठी माणसं बसवतात, मुलीच्या वडिलांना बोलावतात आणि समोरासमोर होऊन जातं. एकदा बैठकीत ठरलं की ठरलं, नंतर कुणी उकरून काढत नाही. आमच्यात चुलत सासरे वडीलधारे, त्यांना सगळे आबा म्हणतात.

त्या सकाळी ती चुलीपाशी माझ्याजवळ आली. हळू बोलली. "आक्का, लई माणसं एकदम बोलली की मला नुसता गलका हुतो. आवाज येतो, शब्द सुटं हुत न्हाईत. तुमी माझ्या उजव्या बाजूला बसा. मला काय इचारलं की तेवढं कानाशी सांगा. मी बोलंन. मला बोलता येतंय."

"बसते," मी म्हणाले.

बैठक पत्र्याच्या पडवीत. टेबलफॅन लावलेला. माणसं दाटीवाटीनं. ती खांबाजवळ पदर घेऊन बसली आणि उजवीकडं थोडी जागा ठेवली. मी चहाचे कप घेऊन आले, वाटले, आणि समोर आत्यांच्या शेजारी बसले. तिनं रिकाम्या जागेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कप गोळा करायला लागले. लोकांनी अजून चहा प्यायलाही नव्हता.

"आपरेशन करायचं म्हणलं तर तेबी करू," तिचे वडील, तात्या, म्हणत होते. "पोरगी खोटं बोलणारी न्हाय आबा."

"तात्या, गाय काय खोटी मेली का?" कुणीतरी मागनं म्हणालं. एकदम तीन-चार जण बोलायला लागले. ती प्रत्येकाकडं वळून बघत होती, आणि ती वळेपर्यंत दुसराच बोलत असायचा.

आबांनी हात वर केला. "कोण गेलं हुतं डॉक्टरकडं?"

मी म्हणाले, "मी."

"काय म्हणालं?"

सगळी गप्प झाली होती. फक्त पंखा. मी म्हणाले, "कान चांगलं हायेत म्हणालं."

"आजून काय?"

"आजून काय न्हाय."

आबा तिच्याकडं वळले. "तुला काय बोलायचंय का बाळ?" तोवर मागची माणसं परत सुरू झाली होती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी खाली बघितलं. ती काहीच बोलली नाही. आबा म्हणाले, "बघा. उत्तर द्यायचीबी लाज न्हाय." त्याच दुपारी तिचे वडील तिला घेऊन गेले. काही दिवस माहेरी राहू दे, असं ठरलं. काही दिवस म्हणजे काय, हे सगळ्यांना कळतं.

काही महिन्यांनंतर तिच्या उजव्या डोळ्यापुढं काळं आलं आणि ती अंगणात पडली. इंदापूरच्या डॉक्टरांनी तिला थेट पुण्याला पाठवलं. तिथं डोक्याचा एमआरआय झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या शिरांवरचं आवरण झिजतं, वायरीवरचं प्लास्टिक जावं तसं. कान शाबूत असतात, पण कानानं पाठवलेलं वर नीट पोचत नाही. सलाईनमधून औषध दिलं तेव्हा डोळा बराचसा परत आला. पायातला गेलेला जीव आला नाही. तिच्या वडिलांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. काही फरक पडला असता, किंवा नसताही. हे मला तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलं. तसा त्यांचा माझ्यावर राग नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं.

तोवर दिरांची सोडचिठ्ठी होऊन गेली होती. आता दुसरी जाऊ आहे. तिला कुट्टीच्या आवाजातही सगळं ऐकू येतं.

या उन्हाळ्यात मी पळसदेवला गेले. धरणाचं पाणी खाली गेलेलं, पाण्याखालचं जुनं देऊळ उघडं पडलेलं, बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग. ती ओसरीवर खुर्चीत होती, काठी शेजारी. आत टीव्ही चालू होता. मी काहीबाही बोलायला लागले.

"टीव्ही बंद करा," ती म्हणाली. "आन् हितं बसा. उजव्या बाजूला."

मी बसले. बारामतीचे डॉक्टर जे बोलले होते ते सगळं पहिल्यांदा तिच्या कानाशी सांगितलं. तिनं मध्ये एकदाही "आं?" केलं नाही.

"मला तवाच कळलं हुतं आक्का," ती म्हणाली. "डॉक्टर लई येळ बोलत हुतं. मला शब्द लागत न्हवतं, पण तोंड हलताना दिसत हुतं न्हवं. आन् तुमी स्टँडवर सांगितलं ते यवढंसंच."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला? मला वाटलं, बैठकीत तरी सांगताल." ती पदराची कड बोटांनी चोळत राहिली. बोटांतही आता नीट पकड नाही. "आता माझ्या कानात सांगून मी काय करू त्याचं? जितं न्हाय बोलला तितं बोला."

तिनं चहा विचारला नाही. मीही थांबले नाही.

बैठक पुन्हा भरत नाही. आबा अंथरुणाला खिळलेत. त्यांना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "आता कशाला?" आत्यांना सांगितलं. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि कूस बदलली. राहिले दीर. ते गोठ्यात वैरण टाकत होते. मी म्हणाले, "भावजी, बारामतीच्या डॉक्टरांनी मला पुढंबी सांगितलं हुतं. पुण्याला न्या म्हणालं हुतं. मेंदूच्या डॉक्टरकडं. मी लपवलं."

त्यांनी हातातली वैरण खाली टाकली. मग उठले, माझ्याकडं न बघता भिंतीपाशी गेले आणि कुट्टीचं बटण दाबलं. मी बोलतच होते. माझं मलाही काही ऐकू येत नव्हतं.