ठणठणीत माणसाचा रिपोर्ट

दमयंतीबाई धारूरकर बालवाडीतून निवृत्त झाल्या आणि दोनच महिन्यांत घरी बसून कंटाळल्या. एका मेडिकल कॉलेजच्या सर्वेला बायका हव्या होत्या, तिथं त्यांनी नाव दिलं. काम साधं होतं. गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांतून घरोघर जायचं आणि गेल्या महिन्यात कुणाला पोटाचा काही आजार झाला होता का, ते लिहून आणायचं. दवाखान्यात येतात तेवढेच रुग्ण मोजले जातात, बाहेरच्यांचा पत्ताच नसतो, असं सर्वेच्या डॉक्टर प्रेरणा मॅडम म्हणायच्या.

पहिल्या आठवड्यात साठ घरं झाली. "घरात कुणी आजारी होतं का?" साठही घरांनी नाही म्हणून सांगितलं. एकसष्टाव्या घरी दारात भांडी घासत बसलेल्या आवडाबाई मात्र हसल्या.

"आजारी कोण नाय बाई. संडास तेवढी लागली व्हती सगळ्यांना."

"अहो, मग तेच तर विचारतेय मी!"

"त्याला काय आजार म्हणत्यात व्हय? आठ-आठ दिवस नळाला पाणी नाय. ड्रममधलं तळाला गेलं की लागतीच. ताकभात खायचा, दोन दिवस गप पडायचं."

त्या दिवसापासून दमयंतीबाईंनी आपला प्रश्न बदलला. पोट बिघडलं होतं का, एवढंच विचारायच्या. मग कागद भराभर भरू लागले. दर तिसऱ्या-चौथ्या घरात कुणी ना कुणी निघायचं. डॉक्टरकडं गेलेलं जवळजवळ कुणीच नसायचं. मेडिकलवरून दोन गोळ्या आणल्या, की विषय संपला. रोज संध्याकाळी ते कागद मॅडमच्या टेबलावर ठेवताना त्यांना कसंसंच व्हायचं. आख्ख्या गल्लीला दुखणं होतं आणि गल्लीला ते दुखणं वाटतच नव्हतं.

पुढं शौचाचे नमुने घ्यायचे होते. आजाऱ्यांचे तर घ्यायचेच, पण पडताळ्याला चिठ्ठी काढून काही धडधाकट माणसांचेही. दमयंतीबाईंचं घरही त्याच गल्ल्यांत होतं, आणि चिठ्ठीत त्यांच्याच यजमानांचं नाव निघालं.

वैजनाथ धारूरकर म्हणजे पंक्तीचे आचारी. छत्तीस वर्षं मुंजी, लग्नं, बारशी त्यांच्या हातची झाली. पहाटे आंघोळ करून सोवळं नेसले की शेवटची पंगत उठेपर्यंत कुणाचा स्पर्श चालायचा नाही. नमुन्याची डबी बघून ते भडकलेच.

"माझी परीक्षा? आणि तीही असली?"

"अहो, नियम आहे. मीच घरचं नाव गाळलं तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?"

चार दिवस धुसफूस करून त्यांनी डबी दिली. तीन आठवड्यांनी प्रेरणा मॅडमनी दमयंतीबाईंना आत बोलावून दार लावून घेतलं. वैजनाथकाकांच्या नमुन्यात टायफॉईडचे जंतू निघाले होते.

"पण त्यांना तर साधी कणकणसुद्धा नाही हो!"

"तरुणपणी कधी मोठा ताप आला होता?"

आला होता. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी एकवीस दिवसांचा विषमज्वर, म्हणजे हाच टायफॉईड. मॅडम म्हणाल्या, तेव्हापासून जंतू पित्ताशयात बसून राहिले असतील. त्यांना स्वतःला त्रास नाही, पण त्यांच्या हातून अन्नात जाऊ शकतात. औषध महिनाभर घ्यायचं, मग तीन तपासण्या. तोवर स्वयंपाकाला हात लावायचा नाही.

घरी आल्यावर वैजनाथराव ऐकून घेईनात. "मी ठणठणीत आहे. गंगापूरला आप्पासाहेबांच्या नातीचं बारसं आहे गुरुवारी, तीनशे पान. शब्द दिलाय मी."

दमयंतीबाईंनी त्यांच्यासमोरच आप्पासाहेबांना स्पीकरवर फोन लावला. यांची तब्येत बरी नाही म्हणाल्या.

"मग काकांनी नुसतं खुर्चीत बसून सांगावं," पलीकडून आप्पासाहेब म्हणाले. "माणसं मी देतो. बासुंदीला तेवढा त्यांचा हात लागला म्हणजे झालं."

वैजनाथरावांचा चेहरा उजळला. त्या चेहऱ्याकडं बघत दमयंतीबाईंनी खरं काय ते सांगून टाकलं. मग आप्पासाहेब म्हणाले, "बरं झालं, सांगितलंत." आणि फोन ठेवला.

वैजनाथराव बारा दिवस बायकोशी बोलले नाहीत. गोळ्या मात्र वेळेवर घेत होते. बातमी गंगापूरहून शहरात यायला तेवढेच दिवस लागले. ठरलेली दोन कामं गेली. सोवळ्यात साबण चालत नाही म्हणणारा तो माणूस आता मोरीत कोपरापर्यंत हात घासत उभा राहायचा. दमयंतीबाईंना ते बघवायचं नाही. पुढं तिन्ही तपासण्या स्वच्छ आल्या. तरीही कामाचा फोन आला नाही.

एक दिवस जेवताना वैजनाथरावांनी एकदम विचारलं, "माझ्या हातचं खाऊन आजारी पडलेली किती माणसं असतील गं?"

मग तेच म्हणाले, "पिशोरची ती मुंज आठवते? कितीतरी वर्षांपूर्वीची. पंधरा दिवसांनी त्या घरात आठ जण तापानं पडले. मी भर चौकात सगळं दूधवाल्या सांडूवर ढकललं होतं."

दोघं पिशोरला गेले. सांडू ओट्यावर तूर निवडत होता. वैजनाथराव उभ्या-उभ्याच बोलले, सगळं बोलले, रिपोर्टसकट.

सांडू ऐकत राहिला. "आता काय त्याचं, काका," तो म्हणाला. "लोकं म्हनले दूध खराब, मलाबी तसंच वाटलं. म्हशी इकून टाकल्या मी त्याच साली. पुन्ना कुनाच्या लेकराला काय व्हायला नको म्हनून."

"यांच्यामुळंच झालं असं नक्की नाही सांगता येत," दमयंतीबाई मध्येच म्हणाल्या. नवऱ्यासाठी म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. त्या पाण्याचा, त्या दुधाचा, त्या हातांचा नमुना तेव्हा कुणी घेतला नव्हता.

वैजनाथराव खाली बसले. सांडूनं त्यांच्यापुढं सूप सरकवलं, आणि दोघं तूर निवडू लागले.