जावई, जावा आणि नवी सून

नानांना आमच्या फोर्कलिफ्टच्या एकाही भागाचं इंग्रजी नाव येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्यात आपले सगळे नातेवाईक बसवले होते.

नव्वदच्या दशकात मी धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये स्टोअरकीपर होतो. आवार काळ्या मातीचं, पावसाळ्यात साधी फोर्कलिफ्ट रुतायचीच. म्हणून मालकांनी ट्रॅक्टरसारख्या मोठ्या चाकांची, चारी चाकं वळणारी एक जुनी फोर्कलिफ्ट आणली. तिला हात लावायला कुणी धजेना. वीस वर्षं हमाली करून कंबरेत वाकलेले शिंदखेड्याचे नाना पुढे झाले आणि आठवड्यात तिचे जिवलग बनले.

चाकं कशी वळतील ते ठरवणाऱ्या तिच्या दांड्याला तीन जागा होत्या. पहिलीत फक्त पुढची चाकं वळत. "हाऊ जावई शे," नाना सांगत, "म्होरून हालस, मांगून ताठ." दुसरीत पुढची-मागची चाकं एकमेकांच्या उलट वळत आणि एवढं धूड जागच्या जागी फिरे. त्या जावा. तिसरीत चारी चाकं एकाच बाजूला वळत आणि गाडी तोंड न फिरवता तिरकी सरके. ती नवी सून, सासऱ्यासमोरून जाते तशी. हसता हसता मी गोदामाच्या किल्ल्या कुठेही विसरत असे.

"पहिले बठ्ठा पाय सरळ, मंग नातं बदल," हा मात्र त्यांचा कायदा. दांडा ओढण्याआधी चारी चाकं सरळ झाली का, हे ते खाली उतरून, वाकून पाहत. उशीर होतो म्हणून मुकादम करवादे. नाना तंबाखू मळत त्यालाच चाकं दाखवत.

मग मालकांनी सर्टिफिकेटवाला ड्रायव्हर आणला. पुण्याचे इंजिनिअर साहेब दोघांची परीक्षा घेणार होते. नाना हरले तर पुन्हा हमाली, आणि त्या पाठीत आता ते बळ उरलं नव्हतं. आम्ही सगळे धास्तावलो होतो.

गाठींच्या थप्पीला लागून भिंतीलगत रुईची गाठ ठेवायची होती. सर्टिफिकेटवाल्याने ऐटीत गाडी वळवली आणि मागची चाकं वाकडी असतानाच दांडा ओढला. पुढची चाकं एकीकडे, मागची भलतीकडे. गाडी थप्पीवर आदळली आणि वरच्या दोन गाठी चिखलात लोळल्या.

नाना चढले. चाकं सरळ केली, उतरले, वाकून पाहिलं, पुन्हा चढले.

"आता कोणता मोड?" साहेबांनी विचारलं.

"नवी सून," नाना गंभीरपणे म्हणाले.

गाडी अशी अलगद सरकली की गाठ भिंतीपासून बरोबर वीतभर अंतरावर बसली. साहेब पोट धरून हसले. "गाडी यांच्याकडेच राहील," म्हणाले.

कापूस वेचणाऱ्या बायकांनी टाळ्या पिटल्या, मुकादमाने टोपी उडवली, मी तर चिखलात नाचलो. नाना मात्र खाली उतरेनात. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे भरलेले.

"भाऊ," ते म्हणाले, "मन्ही पाठ वाचनी."

खोटं कशाला सांगू, मीही रडलो. सीटला पाठ टेकून निवांत बसलेले नाना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.