चौथ्या पट्ट्याचं पाणी

देवनहळ्ळीच्या त्या शेतात वायू कुठून सुटतो हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. वॉचमनला ठाऊक होतं, कारण सिलिंडर तोच जोडायचा. त्याच्या बायकोला ठाऊक होतं, कारण ती वॉचमनची बायको होती. बसथांब्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक असावं, कारण मी उतरले की तो उगाच हसायचा. मला मात्र ते कळून चालणार नव्हतं. ते शोधून काढणं हीच माझी नोकरी होती, आणि नोकरी सहा महिन्यांची होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड जमिनीत खोल पुरून टाकायचा, अशी चर्चा परदेशात सुरू झाली होती. पण पुरलेला वायू वर झिरपायला लागला तर कळणार कसं? त्याला रंग नाही, वास नाही. आमचे सर, म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, म्हणायचे, झाडांना कळेल. मुळांशी हा वायू साठला की मुळांना हवा कमी पडते, पानं आजारी पडतात, आणि आजारी पानावरून परतणारा प्रकाश बदलतो. तो बदल आपल्या डोळ्यांआधी यंत्राला दिसतो. जमिनीवरून दिसला, तर पुढे उपग्रहावरून पाहता येईल. म्हणून बीन्सचे सहा पट्टे लावले होते. प्रत्येकाखाली भोकं पाडलेला पाइप होता, पण वायू एकाच पाइपात सोडलेला, यशवंतपूरहून सोड्याच्या कारखान्यांना जातो तोच. कोणत्या पाइपात, ते एका चिठ्ठीवर लिहून सरांच्या ड्रॉवरमध्ये कुलपाखाली होतं. मी यंत्राचे आकडे पाहून पट्टा ओळखायचा. ओळखता आला तर प्रकल्प पुढे चालणार होता आणि त्याबरोबर मीही. नाहीतर अण्णांनी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून टीव्हीवर ठेवलेलाच होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या जयनगरच्या घरात गळती हा शब्द फक्त नळाला लागायचा.

"गळती शोधायची नोकरी?" ते म्हणाले होते. "मग न्हाणीतला नळ बघ आधी. दोन महिने झाले. त्याला उपग्रह नको, चष्मा पुरेल."

आईची तक्रार वेगळी होती. यंत्र धरणाऱ्याच्या कपड्यांवरून उडालेला प्रकाशही यंत्रात जातो, म्हणून मला रोज काळे कपडे घालावे लागत. माझ्याकडे काळे ड्रेस दोनच होते. ते आलटून पालटून दोरीवर वाळत, आणि शेजारच्या बाई आईला हळूच काहीबाही विचारत.

शेतावर पहिल्याच दिवशी वॉचमनच्या बायकोनेही विचारलं. तिला मी अक्का म्हणायचे. आमचं बोलणं कन्नडमध्ये चाले.

"घरात कुणी गेलं का अम्मा?"

"नाही."

"मग काळं?"

"ऑफिसचा नियम आहे."

तिने लांब श्वास सोडला. त्यानंतर तिने आमच्या ऑफिसबद्दल कधी चांगलं मत ठेवलं नाही.

काम दिसायला सोपं होतं. साडेदहा ते एक, ऊन डोक्यावर असताना, काठीला बांधलेलं यंत्र प्रत्येक पट्ट्यावर धरायचं. दर वेळी आधी एका पांढऱ्या पाटीवर धरून प्रकाश तपासायचा. त्या पाटीला बोट लावायचं नाही असं सरांनी मला चार वेळा बजावलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मी डबा खाऊन परत आले, तर अक्का ती पाटी पदराने चकचकीत पुसत होती.

"किती धूळ बसली होती," ती म्हणाली.

मला रागावताच येत नाही. शाळेत राग आला तरी इंग्रजीत यायचा, आणि घरी येईपर्यंत त्याचं भाषांतर होत नसे. चकाकणारी पाटी आता कामाची नव्हती, आणि नवी यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस मी वहीत समासाच्या रेघा मारल्या.

पण पाटीपेक्षा अवघड होतं ते अक्काचं तोंड. मी पहिल्या पट्ट्यापाशी उभी राहिले की ती लांबून मान हलवायची. तिसऱ्यापाशी गेले की "बरं बरं, पुढे चला" म्हणायची. एकदा सरळ जवळ येऊन कुजबुजली, "अम्मा, सांगू का?"

"नको."

"कुणाला नाही सांगणार मी."

"मलाही सांगू नका अक्का. सांगितलंत तर सगळं वाया जाईल."

"माहीत आहे ते सांगायचं नाही, आणि माहीत नाही ते उन्हात शोधायचं," ती म्हणाली. "तुमच्या साहेबाला कामं नाहीत का?"

मी तिच्याकडे पाठ करून आकडे घ्यायला लागले. मग ती समोरून यायची. शेवटी मी दुपट्टा डोळ्यांच्या दोन्ही बाजूंनी बांधला, टांग्याच्या घोड्यासारखा. तशीच बसथांब्यावर गेले, तर चहावाला उघड हसला.

साडेतीन महिने काहीच दिसलं नाही. सहाही पट्टे हिरवेगार आणि सहांचे आकडे सारखे. सर पुण्याचे. आठवड्यातून एकदा जीपने येत, वही चाळत आणि "हं" म्हणत. त्यांच्यासमोर माझं वाक्य कधी पूर्ण होत नसे. एकदा यंत्राची बॅटरी बदलताना मी "स्वल्प थांबा सर" म्हणून गेले. कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडं, आणि आमच्या घरी सगळे तसंच बोलतात.

"थांबतो की," सर म्हणाले. "स्वल्प की अर्ध? पूर्णविराम देऊ नकोस म्हणजे झालं." आणि स्वतःच खूप हसले. पुढे ऑफिसात दोन दिवस सगळे मला स्वल्पविराम म्हणत होते.

मग मार्चमध्ये चौथा पट्टा बदलला. आधी आकड्यांत, नंतर डोळ्यांनाही. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, वेल मलूल झाले. मी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. रोज मोजलं, रोज फरक वाढत गेला. नवव्या दिवशी सरांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, "चौथा."

सरांनी ड्रॉवरमधून चिठ्ठी काढून उघडली आणि माझ्यासमोर धरली. चौथा. त्यांनी तिथल्या तिथे दिल्लीला फोन लावला. समिती पाहायला येणार असं ठरलं. त्या संध्याकाळी मी बँकेचा फॉर्म टीव्हीवरून काढून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेतावर गेले तर अक्का वाटेवरच उभी होती.

"दिसला ना?" ती म्हणाली. "आमचे हे म्हणत होते नाही दिसणार. मी म्हटलं, बघ, दिसेल."

"दिसला अक्का."

"किती दिवस चाललं होतं ते. मला बघवेना. सांगू नका म्हणालात, म्हणून सांगितलं नाही. नुसतं पाणी बंद केलं."

"कुठलं पाणी?"

"चौथ्याचं. वीस दिवस झाले. बाकीच्यांना घालत होते."

पाणी घालायचं काम तिचंच होतं, संध्याकाळी, मी गेल्यावर. मी बांधावर बसले. इतके महिने ज्या यंत्राला वायू दिसला नाही, त्याला अक्काची दया चटकन दिसली होती.

"अक्का, हे काय केलंत?"

"तोंडाने एक शब्द बोलले का मी?" तिला खरंच लागलं होतं. "आता आणखी काय करायचं होतं?"

परतीच्या बसमध्ये मी सगळ्या बाजूंनी विचार केला. वायू चौथ्यातच होता, उत्तर बरोबरच होतं. मी गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? आणि गप्प राहणं हीच एक गोष्ट मला उत्तम जमते. पण उद्या खरोखरचा वायू कुठे तरी झिरपेल आणि या आकड्यांच्या भरवशावर कुणी उपग्रहाकडे बघत बसेल, हे डोक्यातून जाईना. मला अक्काचा राग आला, सरांचा आला, सहा पट्ट्यांचं पाणी एकदाही न मोजणाऱ्या माझा सगळ्यात जास्त आला.

सकाळी सर फोनवर दिल्लीशी समितीच्या जेवणाचं ठरवत होते. मी टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी हाताने बस अशी खूण केली. मी बसले नाही. बसले असते तर उठून निघून गेले असते.

"चौथ्या पट्ट्याला वीस दिवस पाणी नव्हतं सर. पिवळेपणा तहानेचा आहे. पाण्यावर लक्ष ठेवणं माझं काम होतं. मी ठेवलं नाही."

एका दमात एवढं मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. सरांनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"स्वल्प थांब," ते म्हणाले. या वेळी हसले नाहीत. आणि त्यांनी फोनवर समितीला येऊ नका म्हणून सांगितलं.

माझे सात आठवडे उरले होते. सरांनी स्वतः जाऊन वॉचमनकडून वायू वेगळ्याच पाइपात वळवून घेतला, चिठ्ठी बदलली. पाणी आता मी मापाने सकाळी घालायचे. आणि अक्काने शपथ घेतली. मी यंत्र उचललं की ती शेताकडे पाठ करून बसायची आणि पदर तोंडावर घ्यायची, मी जाईपर्यंत. वॉचमन म्हणायचा, लग्नातसुद्धा ही एवढी गप्प नव्हती.

शेवटच्या दिवशी आकडे दोन पट्ट्यांकडे बोट दाखवत होते, दुसऱ्याकडे थोडंसं आणि पाचव्याकडे तितकंच थोडंसं. अंदाजाने एक लिहिता आला असता, बरोबर येण्याची निम्मी शक्यता होती. मी कागदावर लिहिलं, सांगता येत नाही. सर शेतावरच आले होते. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण यावर पुढची मंजुरी मिळणार नाही, माहीत आहे ना?"

"हो."

त्यांनी चिठ्ठी उघडायच्या आधीच मागून आवाज आला.

"दुसरा," अक्का म्हणाली. तिने पदर बाजूला केला होता. "दुसरा, दुसरा. सात आठवडे पोटात ठेवलंय." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच अगंतुगं करत म्हणाली, "विचारायचं नाही का गं, वेडे?"

तिने मला ओटीभर बीन्स तोडून दिल्या, दुसऱ्या पट्ट्यातल्या. घरी आई शिरा काढत बसली आणि कोवळ्या आहेत म्हणाली. मी काळा ड्रेस भिजत घातला आणि कपाटातून फॉर्म काढला. न्हाणीतला नळ अजून गळतच होता.