थोबाडाचा नकाशा

नायगावची आमची शाळा आठवीपर्यंतच. नववीसाठी मुलांना दादरच्या हायस्कुलात घाला, म्हणून दरवर्षी मी पालकांच्या हातापाया पडते. यंदा एका मुलीच्या बापाला निरोप धाडला, तर तो भूगोलाच्या तासाला थेट वर्गातच घुसला. "पुन्हा नववीचं नाव काढलंस तर थोबाडाचा नकाशा बदलून टाकीन," असं पोरीवर ओरडला आणि माझ्यादेखत तिच्या कानाखाली अशी वाजवली, की ती बाकावर जाऊन आपटली. माझं डोकंच फिरलं. नकाशा दाखवायची काठी मी टेबलावर हाणली, ती मोडली.

"परत हात लावून बघ तिला! सरळ पोलिसात देईन."

तो हसला. "घरी तर येईल ना?"

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ओठ फाटलेला होता, एक डोळा सुजून मिटला होता. मेल्याने बोलल्याप्रमाणे करून दाखवलं होतं. तिला चौकीवर न्यायला मी उठले, तर तिने माझ्या हातात खडू ठेवला.

"जाऊ चौकीवर, बाई. पण आधी घरापासून हायस्कुलापर्यंतचा नकाशा काढून द्या. नाक्यावरून नको, तिथे पप्पा उभे असतात."