आईची खाटेसमोरची जागा

तोंडवलीच्या आमच्या घरात बाबांना शेवटी फक्त डोळे उरले होते. नसांचा आजार. आधी जाळं विणणारी बोटं गेली, मग पाय, मग बोलणं. पेज तेवढी गिळता यायची. बोटीवर चार माणसांना हुकूम सोडणारा माणूस नाकावरची माशी हाकलायला आईची वाट बघायचा.

आई बाजारात मासळी विकून आली की खाटेसमोर स्टूल ओढून बसायची आणि त्यांना भरवायची. भरवता भरवता बाजार सांगायची: बांगडा कसा गेला, कोण कोणाशी भांडली. बाबांनी पापण्या मिटल्या की पुरे, वर बघितलं की अजून. मधेच म्हणायची, "हसतास काय?" मला त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसायचं नाही.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे दोन बुकं शिकून घराला अक्कल शिकवायच्या वयात. प्रोजेक्ट म्हणून मी बाबांसाठी यांत्रिक हात बनवला. स्क्रीनवर वाटीचं चित्र. बाबांनी त्यावर नजर रोखली की कॅमेरा ती ओळखायचा आणि हात चमचाभर पेज त्यांच्या ओठांशी न्यायचा. मरण्याआधी बाबांनी एकदा तरी आपलं आपण जेवावं, एवढीच माझी इच्छा होती. ती खरी होती, हे आजही सांगतो.

पण नजर स्क्रीनवर ठरेना. आई बोलली की ती तिच्याकडे वळायची, हात मधेच थांबायचा आणि पेज छातीवर सांडायची.

"आये, तू मागे बस," मी म्हटलं. "ते तुझ्याकडे बघतत आणि मशीन चुकता."

"बोलूचा पण नाय?"

"नको."

तिने स्टूल उचललं आणि बाबांच्या डोक्यामागे, भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी बाबांनी पाच चमचे पेज खाल्ली. मी व्हिडिओ काढला आणि गावभर मिरवला. आई रोज मागेच बसू लागली.

आठवड्याने एका दुपारी, डोळे सापडत नाहीत, अशी सूचना स्क्रीनवर आली. मी दिवा सरकवला, कॅमेऱ्याची काच पुसली. बाबांच्या पापण्या खाली येत होत्या. मला राग आला.

"बाबानू, डोळे उघडे ठेवा. हंयसर बघा."

मी त्यांच्याशी बोललेलं हे शेवटचं.

"काय झाला रे?" आईने मागून विचारलं.

"काय नाय, कॅमेरो बिघडलो," मी म्हटलं आणि वायर काढून परत लावत बसलो.

थोड्या वेळाने ती आपणहून उठून पुढे आली. एकदाच बाबांकडे बघितलं आणि माझ्या हातातली वायर काढून घेतली. मग खाटेवर टेकली, त्यांच्या ओठांवरची पेज पदराने पुसली.

"ह्येनी आठ दिस माका बघूक नाय रे," ती म्हणाली.

एवढंच. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.