नळीतून ऐकलेला ठोका

मैत्रिणींनो, निजाम सरकारची सुईणीची सनद आपल्याला मिळायची न्हाई, परीक्षाच सोडावी, असं आज सकाळी मी ठरवलं होतं. उर्दूतले धडे डोक्यात शिरतच नव्हते.

दुपारी चौसाळ्याची एक गरोदर बाई, मी काम शिकते त्या बीडच्या दवाखान्यात आली. कालपासून बाळ हललं न्हाई म्हणून रडत होती. मी लाकडी नळी तिच्या पोटाला लावली, दुसऱ्या टोकाला कान टेकवला आन् डोळे मिटले. बराच वेळ काहीच न्हाई. मग खोल पाण्यातून यावा तसा इवलासा ठोका आला.

"हाय का वो, बाई?"

"हाय. काळीज लई जोरात पळतंय त्याचं."

ती हसली आन् तिथंच निजली. तिच्या उशाशी बसून मी पुन्हा धडा वाचायला घेतला. संध्याकाळ कधी झाली, कळलं न्हाई.

परीक्षा मी देणार हाय. तुमचं मन उडतं तवा तुमाला कोण माघारी आणतं?